साफ्ताची रिकामी खुर्ची

पुलाच्या अलीकडे वेतुरियाबाई थांबल्या, कठड्याला टेकल्या आणि उजव्या पायातला बूट काढून उलटा केला. त्यातून काहीच पडलं नाही.

"खडा आहे," त्या म्हणाल्या. "मघापासून टोचतोय."

"पडला असेल, बाई," सालोमेया म्हणाली.

"पडला असता तर दिसला असता." बूट घालून त्या चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "आहे. अजून आहे."

शहर मागे पडून बराच वेळ झाला होता आणि पोयेनी गाव अजून टेकडीपलीकडे होतं. एरवी बस जाते. पण आज रविवार, रूसालीचा सण. ड्रायव्हरसुद्धा आपल्या आईकडे जेवायला गेलेला. सकाळची प्रार्थना आटोपून दोघी चर्चमधूनच परस्पर निघाल्या होत्या. वाटेत प्रत्येक फाटकाला तेईच्या झाडाच्या ताज्या, वासाच्या फांद्या खोचलेल्या होत्या. सालोमेयाच्या पिशवीत फादरनी आशीर्वाद देऊन वाटलेली अक्रोडाची पानं होती, सासूसाठी. सासूला द्यायला तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

खरं तर आठवडाभर तिला कशातलंच काही सुचत नव्हतं. तिची मुलगी स्मारांदा घर सोडून पोयेनीला आजीकडे जाऊन बसली होती. शाळेची शेवटची परीक्षा दोन आठवड्यांवर आलेली आणि पोरगी म्हणत होती, मी बसणार नाही. परीक्षा नाही म्हणजे नर्सिंगच्या शाळेचं नाव काढायला नको. बरं, हे सगळं कशापायी? तर एका कादंबरीतल्या बाईपायी. कधी जन्मालाच न आलेल्या बाईपायी. ती बाई दोषी आहे, असं सालोमेया चारचौघांत म्हणाली होती. मुलीला बरं वाटावं म्हणून म्हणाली होती. आणि तेवढ्यावरून मुलगी दप्तर उचलून निघून गेली. यात नेमकं काय बिघडलं ते सालोमेयाला कळत नव्हतं. आणि जन्मभर पोरांना पुस्तकातली माणसं उलगडून दाखवणाऱ्या वेतुरियाबाईंनाही कळत नव्हतं. दोघी मिळून विचारू या, एवढंच काय ते ठरवून त्या चालल्या होत्या.

वेतुरियाबाईंचा जन्म रेल्वेच्या फाटकावरचा. वडील फाटकवाले. गाडी आली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं. घरात एकच कंदील, तोही सरकारी, गाडीला दाखवायचा. त्याच उजेडात ही मुलगी पुस्तकं वाचायची, आणि गाडी आली की बाप येऊन कंदील उचलून न्यायचा. त्यामुळे वाचता वाचता ऐन रंगात गोष्ट तुटायची. अंधारात बसून ती पुढे काय झालं असेल ते मनाशी जुळवायची. "मला शिकवायला कुणी शिकवलं?" त्या सांगायच्या. "मालगाडीनं. लांबलचक मालगाडी असली की मी सगळी कादंबरी मनात संपवायची. आणि उजेड आला की कळायचं, सगळं चुकलं."

पुढे त्या शहरातल्या शाळेत लागल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. निवृत्तीनंतरही शेवटच्या वर्षाची पोरं त्यांच्या स्वयंपाकघरात येत राहिली. मधोमध मोठं टेबल, मेणकापडाचं. खिडकीत लोणच्याच्या बरण्या. कोपऱ्यात देवाचं चित्र, त्याखाली दिवा. पोरांना आधी काही तरी खायला मिळायचं, मग पुस्तक. उपाशी माणसाला कुणाचाच स्वभाव कळत नाही, असं बाईंचं ठाम मत होतं.

सुरुवातीला त्याही सगळ्यांसारखंच शिकवायच्या. उत्तरं लिहून द्यायच्या. अभ्यासाला एक जुनी कादंबरी नेमलेली असे, एका दूधआईची. तिचं नाव साफ्ता. नवरा लढाईवर गेलेला, घरात दाणा नाही, ओटीत तान्हा मुलगा. शहरातल्या जमीनदाराच्या घरी बाळाला पाजायला बाई हवी असते. साफ्ता आपलं पोर सासूच्या ओटीत टाकून तिकडे जाते. पोर बकरीच्या दुधावर वाढतं. काही वर्षांनी ती परत येते, तेव्हा पोर बकरीच्या आड लपतं. ती ओट्यावर बसून राहते आणि पुस्तक संपतं. बाई लिहून द्यायच्या: साफ्ता हे मातेच्या त्यागाचं प्रतीक आहे. पोरं ते घोकायची, परीक्षेत ओतायची आणि विसरायची.

एकदा बाईंनी एका मुलाला विचारलं, "अरे पण ती गेली का?" तो म्हणाला, "बाई, ते उत्तरात नव्हतं." झालं! बाईंचा तोल सुटला. "पोटचं पोर टाकून गेली कशी ती? कशी गेली, सांगा मला!" असं त्या टेबलावर हात आपटून ओरडू लागल्या. पलीकडच्या खोलीत त्यांचे यजमान आन्तोन बसले होते. जमीनमोजणीच्या खात्यातला अबोल माणूस. कादंबरी म्हणून कधी हातात धरलेली नाही. ते मीठ घ्यायच्या निमित्तानं आत आले आणि म्हणाले, "वेतुरिया, कोण बाई आहे ती? दुपारपासून तिला झोडपते आहेस. तिला बोलाव तरी. तिचंही ऐकू."

त्यांना खरंच वाटलं होतं, शेजारपाजारची कुणी असेल.

पोरं हसून हसून लोळली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून मधोमध ठेवली, नवऱ्याला टेबलाशी बसवलं आणि म्हणाल्या, "बरं, तुम्हीच न्याय करा." तेव्हापासून दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर साफ्ताचा खटला सुरू झाला. आन्तोनच्या टोपीतून चिठ्ठ्या काढायच्या. एक फिर्यादी, एक बचावाचा, बाकीचे साक्षीदार. न्यायाधीश मात्र ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही असाच हवा. वाचलेला माणूस मत घेऊन येतो, आणि न वाचलेला कान घेऊन, असं बाई म्हणायच्या. आरोपीच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. पुस्तकात नाही ते साफ्ताच्या तोंडी घालायचं नाही, हा कडक नियम. नुसती रिकामी खुर्ची बघून पोरं फिदीफिदी हसत, म्हणून बाई तिच्या पाठीवर आपला एप्रन टाकत. निकाल लागला की बाई पुन्हा तेच जुनं उत्तर लिहून द्यायच्या. "खटला आपला, उत्तर परीक्षकाचं," म्हणायच्या.

आन्तोन असेपर्यंत ते न्यायाधीश. त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाही. वाचलं तर जागा जाईल म्हणून. ते गेल्यावर पोस्टमन यायचा. यंदा ऐन खटल्याच्या दिवशी पोस्टमनची कंबर धरली. आणि नेमकी त्याच दिवशी सालोमेया बाईंना चेरी द्यायला गेली.

"तू वाचलंयस का गं ते पुस्तक?" बाईंनी दारातच विचारलं.

"नाही हो. मी आठवीतून डेअरीत लागले."

"मग ये, बस."

पूल ओलांडून दोघी चढाला लागल्या तेव्हा मागून घोड्याची गाडी आली. हाकणारा जाडजूड माणूस होता, ग्लिगोर बेकरीवाला. मागे त्याची बायको, सासू आणि तेईच्या फांद्यांचा ढीग.

"बाई, पायी? ह्या वयात?"

"वयाला बसचं वेळापत्रक कळत नाही, ग्लिगोर."

"जागा नाही हो, नाही तर घेतलं असतं. सासूला उतरवू का?" सासूनं त्याच्या पाठीत फांदी हाणली. ग्लिगोर हसला आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "यंदा सुटली का साफ्ता?"

"नाही."

"दोषी? अरे देवा! मी सोडवली होती तिला. आठवतं ना, बाई? आन्तोनकाकांनी डोळे पुसले होते. कुणी केली दोषी?"

बाईंनी हनुवटीनं सालोमेयाकडे खूण केली. ग्लिगोरनं तिच्याकडे पाहिलं. इटलीहून परत आलेली ती हीच, हे त्याला ठाऊक होतं; शहर केवढंसं.  त्यानं टोपीला हात लावून घोडा हाकलला.

"बघितलंत?" सालोमेया म्हणाली. "तोसुद्धा रागावला. अहो, पण ती पुस्तकातली बाई! तिला तुरुंगात थोडंच टाकणार आहेत?"

"तो तिला सोडवून वीस वर्षं सुखानं झोपलाय," बाई म्हणाल्या. "तू त्याची झोप मोडलीस."

सालोमेयाचा नवरा जंगलात लाकूडतोडीला जायचा. झाड अंगावर पडून गेला. स्मारांदा तेव्हा पहिलीत होती. घराचं छप्पर गळत होतं. सालोमेया मुलीला सासूकडे ठेवून इटलीत गेली, पादोव्हात एका म्हातारीला सांभाळायला. उन्हाळ्यात पंधरा दिवस यायची, नाताळला खोकी पाठवायची: बूट, जाकीट, चॉकलेट, परत बूट. गेल्या शरदात ती म्हातारी वारली आणि सालोमेया कायमची घरी आली. मुलगी तोवर तिच्याहून उंच झालेली. दोघी शहरातल्या घरात राहू लागल्या, नवीन छपराखाली, आणि एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागू लागल्या. "तुला अजून हवं का?" "नको, थँक्यू." असं.

त्या दिवशी फिर्यादीची चिठ्ठी स्मारांदाला आली होती.

"साफ्ताला दूध होतं," ती रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून म्हणाली होती. "तिच्या मुलाला ते हवं होतं. तिनं ते दुसऱ्याच्या मुलाला दिलं. पान सत्तेचाळीस बघा: नंतर घराला नवं छप्पर आलं. मुलानं छप्पर प्यायचं का?"

बचावाला दोरिन नावाचा मुलगा होता. त्यानं पुस्तकाऐवजी गाईड वाचलेलं. "ती गरीब होती आणि ती प्रतीक आहे," एवढं बोलून तो खाली बसला.

सालोमेया टेबलाशी ताठ बसून ऐकत होती. काय बोलते पोरगी! हे शब्द हिनं कुठून आणले? तिला एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. छपराचं वाक्य आलं तेव्हा तिनं एक चेरी बीसकट गिळली. बाईंनी विचारलं, "न्यायाधीश, निकाल?" आणि ती मुलीकडे बघून हसत, ठामपणे म्हणाली, "दोषी."

स्मारांदाचा चेहरा पांढरा पडला. "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"काही नाही," म्हणून ती गेली. घरी गेली असेल असं वाटलं. रात्री सासूचा फोन आला.

"मला काय वाटतं सांगू?" चढावर दम घेत वेतुरियाबाई म्हणाल्या. "जिंकल्यावर माणसाला लाज वाटते. विशेषतः समोरचा दुबळा असेल तर. दोरिननं तिला लढूच दिलं नाही. अंतर्मनात संघर्ष उभा राहिला."

"अंतर्मनात नाही हो, दारात उभा राहिला. माझं दार फुटायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं कपडे न्यायला येऊन आपटलं ना, तेव्हा!" सालोमेया म्हणाली. "मला वाटतं, मी हसले म्हणून. कोर्टात हसायचं नसतं का?"

"आन्तोन घोरायचे."

"मग ते नाही."

थोडं चालून झालं. "तू परत आलीस याचाच राग असेल?" बाई म्हणाल्या.

"तो तर आहेच. पण तो शरदापासून आहे. त्यानं परीक्षा कशाला अडावी?"

वाटेत विहिरीपाशी लाकडी क्रूस होता, वर पत्र्याचं छपरू. सालोमेयानं क्रूसाची खूण केली आणि डोकं टेकवून उभी राहिली. एरवी तिला काय मागायचं ते पक्कं ठाऊक असे: मुलीची तब्येत, म्हातारीची झोप, बसचा नीट प्रवास. आज शब्द येईनात. 'देवा, काय मागू तेवढं तरी सांग,' असं म्हणून ती वळली.

बाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या, पुन्हा बूट हातात. "तुला माहीत आहे का सालोमेया, त्या पुस्तकात ती जाते तो प्रसंग केवढा आहे? दोन वाक्यांचा. साफ्ता गाडीत बसली. गाडी निघाली. पुढच्या ओळीत ती शहरात. मी इतकी वर्षं पोरांना सांगत आले: तिचं काळीज फाटलं, मागे वळून पाहण्याचं तिला बळ नव्हतं. हे पुस्तकात कुठे आहे? माझ्याच नियमानं मी गुन्हेगार आहे."

 सालोमेयाला आपली बस आठवली. बस निघाली तेव्हा सासू मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मुलगी रडत नव्हती, पाव खात होती. आणि सालोमेया बसमध्ये बसून एकच विचार करत होती: सासूच्या अंगणातल्या कोंबड्यांच्या खुराड्याची कडी घातली का? हंगेरीची सरहद्द येईपर्यंत तिच्या डोक्यात ती कडी होती. कोल्हा येईल, कोंबड्या नेईल. मुलीचा विचार आलाच नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कबुलीजबाबात फादरनासुद्धा नाही. ही काय सांगायची गोष्ट आहे?

"चला बाई," ती म्हणाली. "ऊन चढतंय."

पोयेनीतलं घर गावाच्या टोकाला. सासू झेनोव्हिया फाटकाशी बाकावर बसली होती, सणाचा काळा रुमाल बांधून, हात मांडीवर. रूसालीला कामाला हात लावत नाहीत, म्हणून ती फार अवघडली होती. सालोमेयानं अक्रोडाची पानं पुढे केली. म्हातारीनं ती घेतली, हुंगली, कपाळाला लावली.

"सूनबाई, पानं आणलीस. बरं केलंस. झाड आपल्या अंगणात आहे, पण बरं केलंस." मग बाईंकडे वळून, "आणि मास्तरीणबाई, तुम्ही! तुमच्या पुस्तकानं माझी पोर आठवडाभर जेवली नाही. मक्याची मामालिगा तशीच, साय तशीच. असलं कसलं पुस्तक? फेकून द्या ना."

"सरकारनं नेमलंय, झेनोव्हियाबाई."

"मग सरकारला जेवू घालू दे तिला."

स्मारांदा तुतीच्या झाडाखाली बसली होती. ओठ आणि बोटं जांभळी. म्हणजे अगदीच उपाशी नव्हती. बाईंना बघून ती उठली, स्वतःची जागा दिली आणि आईच्या शेजारून वळसा घालून पलीकडे उभी राहिली.

"स्मारांदा," बाई म्हणाल्या, "आम्ही दोघी अख्खी वाट डोकं फोडत आलो. आम्हाला कळलेलं नाही. तू सांग."

"काही नाहीये."

"अगं, तू जिंकलीस ना?" सालोमेया म्हणाली. "तू सिद्ध केलंस, मी दोषी म्हटलं. तुझ्या मनासारखंच झालं की!"

"माझ्या मनासारखं?" मुलगी तिच्याकडे वळली. आठवड्यात पहिल्यांदा वळली. "मला चिठ्ठी आली होती, आई! चिठ्ठीत जे असेल ते करावं लागतं. मला वाटलं, तू मध्येच थांबवशील. काही तरी विचारशील."

"न्यायाधीशानं मध्ये बोलायचं नसतं, बाईंनीच सांगितलं."

"बाईंनी सांगितलं! मी समोर उभी राहून असं सगळं बोलतेय, आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. छान बोलतेस असं वाटलं."

"बघा बाई, बघा!" स्मारांदाला हसू येत होतं की रडू ते तिलाही कळत नसावं. "ही अशी आहे."

"मग मी निर्दोष म्हणायला हवं होतं का?" सालोमेया काकुळतीला आली.

"नाही!"

"मग काय म्हणायचं होतं?"

"मला काय माहीत!" मुलगी ओरडली. "तू दरवेळी असंच करतेस. बूट हवेत, घे बूट. दोषी हवी, घे दोषी. मी सांगितलं म्हणून. तुला स्वतःला काय वाटतं ते कधी कुठल्या खोक्यात आलंच नाही."

अंगणात कोंबड्या टोचत होत्या. मग झेनोव्हियानं फाटकावरूनच विचारलं, "त्या पोराला बकरीचं दूध कुणी पाजलं म्हणे?"

"साफ्ताच्या सासूनं," बाई म्हणाल्या.

"नाव काय तिचं?"

बाईंनी स्मारांदाकडे पाहिलं, तिलाही आठवेना. "नाव... नाव नाहीये तिला पुस्तकात."

"वाटलंच मला," म्हातारी म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "चेरीचा मुरंबा आणते. पाहुण्याला देणं हे काम धरत नाहीत."

प्रत्येकीला बशीत एक चमचा मुरंबा आणि पेलाभर थंड पाणी मिळालं. मुरंबा खाताना भांडता येत नाही, बी थुंकायची असते. झेनोव्हियानं बाईंचा बूट मागून घेतला, आत बोट घातलं आणि म्हणाली, "खडा कुठला? खिळा वर आलाय." दगडानं ठोकून तिनं तो परत दिला.

"गुरुवारी शिकवणीला येशील?" बाईंनी बूट घालत स्मारांदाला विचारलं.

"येऊन काय करू? मातेच्या त्यागाचं प्रतीक लिहू? बाई, तुम्ही म्हणता खटला आपला, उत्तर परीक्षकाचं. मग खरं कुठलं?"

वेतुरियाबाईंनी चमच्यानं बशी खरवडली. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"मला मूल नाही झालं. मी फाटकावर वाढले. गाड्या जाताना मी पुष्कळ पाहिल्या गं, पण त्यात बसून कधी गेले नाही. बसलेल्याला काय वाटतं ते मी अंधारात जुळवलं आणि तुम्हाला लिहून दिलं. बरोबर असेल. नसेलही."

स्मारांदाला हे अपेक्षित नसावं. रागवायला समोर कुणी उरलं नाही की माणूस गोंधळतो, तशी ती उभी राहिली. बोटांवरचा जांभळा रंग फ्रॉकला पुसला, तो पसरला. मग म्हणाली, "मग अपील."

"काय?"

"अपील करणार मी. तो निकाल चालणारच नाही. न्यायाधीश फिर्यादीची आई होती! कुठल्या कोर्टात चालतं हे?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं खरंच की! इतक्या वर्षांत... ग्लिगोरला सांगायला हवं, साफ्ता अजून सुटू शकते."

"सुटेलच असं नाही," स्मारांदा म्हणाली. "पण परत चालवायचा. नीट. मग मी परीक्षेचं बघीन."

"बघीन म्हणजे बसशील?" सालोमेयानं विचारलं.

"बघीन म्हणजे बघीन." पण ती दप्तर आणायला आत गेली, आणि म्हातारी तिच्यामागून, वाटेत खायला पाव आणि चीज बांधून द्यायला, तेही काम धरत नाहीत म्हणे.

अंगणात दोघीच राहिल्या. सालोमेयाला हलकं वाटायला हवं होतं. मुलगी येणार होती, बहुतेक परीक्षेलाही बसणार होती. पण तिच्या छातीवरचं ओझं जागचं हललं नव्हतं, उलट त्याला आता आकार आल्यासारखा झाला होता. मुलीनं जे मागितलं ते काय होतं? ती अंगणातल्या खुराड्याकडे बघत होती. कडी तीच जुनी, वाकडी.

वेतुरियाबाईंनी तिच्या कोपराला धरून तिला कुंपणाकडे नेलं. जन्मभर वर्गात खणखणीत बोललेली बाई आता दबक्या आवाजात, जरा लाजून बोलू लागली.

"सालोमेया, गुरुवारी तूही ये."

"न्यायाधीश म्हणून? नको हो बाई, परत नको!"

"न्यायाधीश पोस्टमन. त्याला खुर्चीसकट उचलून आणू, कंबर असो नसो. तुला मी दुसरंच विचारतेय." त्यांनी घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. "ती मधली खुर्ची आहे ना, रिकामी? एप्रन मी काढून ठेवीन. पुस्तकात नाही ते बोलायचं नाही हा नियम माझाच आहे, मोडते मी. काळीज फाटलं वगैरे म्हणायची काही गरज नाही. बोलली नाहीस तरी चालेल. फक्त स्मारांदानं विचारलं, गाडी निघाली तेव्हा काय चाललं होतं तुझ्या मनात, तर जे होतं ते, असेल तसलं, तेवढंच सांग. बसशील का गं त्या खुर्चीत?"